वाटेवरचीं न पाहिलेलीं स्थळें

गेल्या दिवाळींत माझा भाचा इटलीहून परत आला. नोकरीच्या निमित्तानें तो कांहीं महिने तिकडे होता. आतां रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस येथील नवलाच्या गोष्टी ऐकावयास मिळणार, म्हणून आम्ही घरची सारी मंडळी त्याच्या भोंवतीं बसलों. परंतु तो बोलूं लागला तो मोंतोने नांवाच्या एका चिमुकल्या गांवाविषयीं. उंब्रिया प्रांतांत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, एका टेकडीच्या माथ्यावर हें गांव वसलेलें आहे. वस्ती दोन हजारांच्याहि आंत. जगप्रसिद्ध असें तेथें कांहीं नाहीं. ब्राच्चो फोर्तेब्राच्चो नांवाचा पगारी फौजांचा एक सरदार या गांवच्या घराण्यांत होऊन गेला. तो १४२४ सालीं मरण पावला. पण तेथील दुकानदार त्याची गोष्ट अशी सांगतो, कीं जणूं तो परवांच घोड्यावर बसून वेशीबाहेर गेला आहे!

त्याच गांवांत माझ्या भाच्यास एक मराठी नांव आढळलें. दुसऱ्या महायुद्धांत, १० जुलै १९४४ रोजीं, या खोऱ्यांत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींतील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यांत सांपडली. बाकीचे सर्वजण ठार अगर जखमी झाले असतां घाडगे एकटे शत्रूवर धांवून गेले. हातबाँब टाकून त्यांनीं त्या मशीनगनचें तोंड बंद केलें; पुन्हां गोळ्या भरण्यास उसंत नाहीं असें पाहून बंदुकीच्या दस्त्यानें उरलेल्या दोघांस लोळविलें; आणि अखेर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं ते धारातीर्थीं पडले. वय अवघें २२ वर्षांचें. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगांव तालुक्यांतले, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतले. या तरुणाच्या स्मरणार्थ मोंतोने येथें २०२३ सालीं एक छायायंत्र, म्हणजे सूर्याच्या सांवलीवरून वेळ दाखविणारें घड्याळ, उभारण्यांत आलें.

हें सांगून भाचा म्हणाला, “मामा, त्या लोकांनीं आपला परका माणूससुद्धां जपून ठेवला आहे. आतां तुम्ही मला तुमच्या सणसरच्या आसपासचें कांहीं दाखवा.”

मी हंसून म्हणालों, “अरे, इकडे पाहण्यासारखें काय आहे? ऊंस, कालवा आणि साखरेचा कारखाना!”

तो कांहीं बोलला नाहीं. चार दिवस राहून मुंबईस निघून गेला. पण माझें उत्तर मलाच टोंचत राहिलें. तीस वर्षें मीं या भागांत शाळामास्तरकी केली. मुलांकडून नद्यांचीं नांवें आणि लढायांचीं सालें पाठ करून घेतलीं. आणि घरीं आलेल्या पाहुण्यास दाखवावयास मजजवळ एकहि स्थळ नसावें, याची मला शरम वाटली. म्हणून मागील हिंवाळ्यांत मीं सणसरहून पश्चिमेस बारामतीपर्यंत आणि पूर्वेस इंदापुरापर्यंत अशा लहान लहान फेऱ्या केल्या. त्यांचा वृत्तांत आज आपणांपुढें ठेवीत आहें.

सणसर हें बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावरील गांव. आषाढीच्या वारींत श्रीतुकाराममहाराजांची पालखी बारामतीहून निघून येथें मुक्कामास येते. देहूहून पालखी नेण्याची ही पद्धति तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं सुरू केली. म्हणजे आमच्या गांवापुढचा हा रस्ता नुसता रस्ता नव्हे. तीनशें वर्षांहून अधिक काळ पावलांनीं मळलेली ती वाट आहे. बारामतीकडून येतांना काटेवाडीस परीट मंडळी पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगर आपलीं मेंढरें पालखीभोंवतीं धांवडवितात. सणसर सोडल्यावर बेलवाडीस घोड्याचें गोल रिंगण होतें. घोड्याचें रिंगण पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. पण ज्याच्या जवळ जें आहे तें त्यानें देवापुढें आणावें, हा या सोहळ्याचा खरा अर्थ मला काटेवाडीच्या मेंढरांनीं सांगितला.

आतां बारामतीकडे वळूं. आज बारामती म्हटली कीं लोकांच्या डोळ्यांपुढें रुंद रस्ते, विद्यालयें आणि कारखाने येतात. परंतु जुनें गांव कऱ्हेच्या कांठीं आहे, आणि तेथें बाबूजी नाईक यांचा वाडा उभा आहे. वाडा म्हणण्यापेक्षां त्यास लहानसा भुईकोट म्हणावें, असा त्याचा तट आणि बुरूज आहेत. पुढच्या काळांत या वाड्यांत सरकारी कचेऱ्या भरत. त्यामुळें कित्येक पिढ्या शेतकरी येथें हेलपाटे घालीत आले, पण ते कामाच्या विवंचनेंत. वाडा पाहावयास नव्हे.

हे बाबूजी नाईक जोशी सावकार होते. त्यांचे बंधु आबाजी नाईक हे थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई हिचे यजमान. १७४० सालीं बाजीराव वारल्यावर पेशवाईचीं वस्त्रें आपणांस मिळावींत म्हणून बाबूजींनीं खटपट केली, आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं त्यांची बाजू उचलली. शाहूमहाराजांनीं बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेब यांसच पेशवा केलें, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु क्षणभर असें मनांत आणा, कीं महाराजांचा कौल दुसरीकडे पडला असता! मग पुण्याच्या शनिवारवाड्याकडे जाणारी वर्दळ कदाचित् या कऱ्हेच्या घाटाकडे वळली असती. ज्या तटाखालून आपण बाजाराची पिशवी घेऊन जातों, त्या तटाच्या आंत कोणे एके काळीं एवढी आशा वाढली होती.

याच नाइकांच्या आश्रयास एक पुराणिक होता. पन्हाळ्यास १७२९ सालीं जन्मलेला, तेथेंच पाध्ये गुरूंजवळ शिकलेला आणि पुढें बारामतीस आलेला हा पुराणिक म्हणजे मोरेश्वर रामजी पराडकर, अर्थात् कविवर्य मोरोपंत. १५ एप्रिल १७९४ रोजीं ते बारामतीसच निवर्तले. आयुष्याचा सारा कर्ता काळ त्यांनीं या कऱ्हेकांठीं काढला, आणि संपूर्ण महाभारत आर्यावृत्तांत आणलें तें येथेंच. शाळेंत त्यांचे दोनचार उतारे शिकून कठीण कवि म्हणून आपण त्यांस दूर ठेवतों. पण एक गोष्ट विसरतों. मोरोपंतांचा श्रोता पुस्तक पुढें घेऊन बसलेला नव्हता. तो देवळाच्या ओंवरींत बसून, आपण आतां मला ऐकत आहां तसा, नुसत्या कानानें ऐकत होता. कीर्तनकारांनीं त्यांच्या आर्या घरोघरीं पोंचविल्या त्या कानांच्या वाटेनेंच. त्यांनीं रामकथा १०८ प्रकारांनीं रचिली असें मानतात. त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. म्हणजे प, फ, ब, भ, म हीं ओठांचीं अक्षरें त्यांत येऊंच द्यावयाचीं नाहींत. आतां रामाच्या नांवांतच ‘म’ आहे! नायकाचें नांव न उच्चारतां त्याची कथा सांगावयाची, हा पेंच कवीनें कसा सोडविला असेल तें मुलांस घेऊन एका संध्याकाळीं मोठ्यानें वाचून पाहा. कठीण कवि घरांत खेळगडी होऊन बसेल. आणि ‘केका’ म्हणजे मोराचा टाहो. मयूर म्हणविणाऱ्या या कवीनें आपल्या वृद्धपणीं देवास घातलेल्या हांकेस ‘केकावली’ हें नांव दिलें.

गांवाबाहेरच्या माळावर उभें राहिलें कीं आणखी एक स्मृति जागी होते. ऑक्टोबर १८०२ मध्यें यशवंतराव होळकरांच्या फौजेनें बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. २५ ऑक्टोबरास हडपसरची लढाई झाली, दुसरे बाजीराव पुणें सोडून पळाले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं इंग्रजांशीं वसईचा तह केला. मराठी राज्याच्या अखेरच्या उतरणीचा एक दगड असा या माळावरून निसटला. तेथें आज ऊंस डोलतो आहे.

ऊंस म्हटला कीं कालवा आला. नीरा डावा कालवा आमच्या सणसरच्या शिवारास पाणी देतो. मुलें त्यांत पोहतात, बायका धुणीं धुतात. तें पाहण्याचें स्थळ आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पण या पाण्याच्या अगोदर हा मुलूख कसा होता, हें जाणून घ्यावें. १८२७ च्या पुढें प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें केलेली जमाबंदी इतकी जड झाली, कीं इंदापूर भागांतले कित्येक कुणबी जमिनी टाकून परागंदा झाले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघां अधिकाऱ्यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांतच नवी पाहणी आरंभिली, आणि १८३६ पासून येथें तीस वर्षांच्या मुदतीची हलकी आकारणी सुरू झाली. तीच पद्धति पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरली. आपल्या घरच्या जुन्या कागदांवर जो ‘सर्व्हे नंबर’ लिहिलेला असतो, त्याची जन्मभूमि ही इंदापूरची कोरडी जमीन होय. याची खूण सांगणारा एक दगडहि मला कोठें आढळला नाहीं.

आकारणी हलकी झाली तरी कर्ज हलकें झालें नाहीं. बारामतीच्या वायव्येस सुपें गांव आहे. शहाजीराजांच्या जहागिरीमुळें इतिहासांत त्याचें नांव येतें; परंतु १२ मे १८७५ रोजीं तेथील बाजारांत कुणब्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि दख्खनच्या दंग्यांस आरंभ झाला, ही गोष्ट सुप्याच्या बाजारांत भाजी घेणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असावी. या दंग्यांची चौकशी झाली, आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच सुमारास १८७६–७७ चा भयंकर दुष्काळ पडला, आणि उपाशी माणसांस काम देण्यासाठीं नीरेच्या कालव्याची खोदाई हातीं घेण्यांत आली. १८८५ च्या सुमारास पाणी वाहूं लागलें. तेव्हां कालव्याच्या कांठीं उभे राहाल तेव्हां एवढें ध्यानांत असूं द्या, कीं ही पाण्याची शोभा ज्यांनीं खणली, त्यांच्या पोटांत त्या दिवशीं पुरेसें अन्न नव्हतें.

आतां पूर्वेकडे. बेलवाडी, लासुर्णें, निमगांव केतकी हीं गांवें ओलांडून इंदापूर येतें. पुणें-सोलापूर हमरस्त्यावरून मोटारी येथून भरधांव जातात. फार तर चहापुरत्या थांबतात. गांवांत मात्र मालोजीराजे भोसल्यांच्या गढीचे अवशेष आहेत. मालोजीराजे म्हणजे शहाजीराजांचे वडील, शिवछत्रपतींचे आजोबा. निजामशाहीच्या चाकरींत असतां ते इंदापुरास लढाईंत पडले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ंत त्यांच्या इंदापूर येथील मृत्यूचा उल्लेख आहे. सालाविषयीं मात्र इतिहासकारांत एकमत नाहीं. मी गढीच्या मातीवर उभा राहिलों तेव्हां मला मोंतोनेचा तो फोर्तेब्राच्चो आठवला. तोहि दुसऱ्यांच्या चाकरींत लढणारा सरदार आणि हेहि. तोहि रणांत पडला आणि हेहि. पण मालोजीराजांच्या नातवानें चाकरी झुगारून स्वतःचें राज्य उभें केलें. त्या राज्याच्या आधीं जें एक मरण आलें, तें या मातींत आलें. गांवांत इंद्रेश्वराचें देऊळ आणि चांदशहावलीचा दर्गा आहे, तींहि पाहावींत. सवड असल्यास तालुक्याच्या अगदीं टोंकास, जेथें नीरा भीमेस मिळते, तेथें नृसिंहपुरास जावें. पेशवाईंतील विंचूरकर सरदारांनीं बांधून काढलेलें नृसिंहाचें मंदिर आणि दोन नद्यांच्या पाण्याचें तें एकत्र येणें पाहिल्यावर माणसास बोलावेंसें वाटत नाहीं.

माझी शेवटची फेरी पळसदेवची. भीमेच्या कांठीं पळसनाथाचें पुरातन मंदिर आणि त्याभोंवतीं पळसदेव गांव होतें. येथील एक शिलालेख शके १०७९ चा, म्हणजे इसवी सन ११५७ चा आहे. मराठी भाषेच्या बालपणींच्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. म्हणजे ज्ञानेश्वरी होण्यापूर्वीं सुमारें सवाशें वर्षें येथें दगडावर मराठी अक्षर उमटलें होतें. पुढें उजनीचें धरण झालें. १९८० सालीं तें पुरें झालें, आणि भीमेचें पाणी मागें पसरत जाऊन जुनें गांव त्यांत गेलें. लोक वर हमरस्त्याजवळ येऊन वसले. मंदिर मात्र जागचें हललें नाहीं. तें पाण्याखालीं उभें राहिलें.

मी गेलों तेव्हां जलाशय भरलेला होता. पाण्यापलीकडे कांहींहि दिसत नव्हतें. थोडें दूर, भिगवणच्या बाजूस, हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. त्यांस पाहावयास शहरांतून मंडळी दुर्बिणी घेऊन येतात. माझ्याजवळ पाहावयास फक्त पाणी होतें. एका कोळ्यानें हात करून दाखविलें, “देऊळ तिथं.” मी त्या दिशेस पाहत राहिलों.

परततांना एका घरापुढें एक वृद्ध बाई शेंगा निवडीत बसल्या होत्या. लग्न होऊन त्या जुन्या पळसदेवांत आल्या होत्या. मीं म्हटलें, “मावशी, जुनें गांव कसें होतें हो?” त्यांनीं सूप बाजूस ठेविलें आणि शेंगेच्या टरफलानें अंगणांतल्या मातींत रेघा ओढल्या. “गुरुजी, ही नदी. हितं देऊळ. हितून वाट वर यायची. हितं पार. अन् हितं आमची चूल.” त्यांचा दहाबारा वर्षांचा नातू शेजारीं उभा होता. तो म्हणाला, “आज्जी, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस.” बाई म्हणाल्या, “तू इचारलंस कधी?”

श्रोतेहो, तें वाक्य त्या मुलास उद्देशून होतें. पण लागलें मला.

उन्हाळ्यांत जलाशय फार आटला म्हणजे तें मंदिर वर येतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत तें असेंच उघडें पडलें, आणि तें पाहावयास दूरदूरचे लोक धांवले. परंतु मी या भागांत राहणारा मनुष्य आहें. मंदिर दिसावें अशी इच्छा मला करतां येत नाहीं. कारण तें दिसतें तेव्हां उजनीच्या पाण्यावरचीं शेतें वाळत असतात, आणि जनावरांसाठीं छावण्यांचा शोध सुरू होतो. देऊळ बुडालेलेंच बरें, असें म्हणावें लागतें. मग त्याची आठवण ठेवावयाची कोणी? दगड पाण्याखालीं आणखी कित्येक शतकें टिकेल. टिकणार नाहीं तें त्या बाईंच्या डोक्यांतलें गांव. धरणापूर्वींचें पळसदेव ज्यांनीं जाणत्या वयांत पाहिलें, त्यांतलीं सर्वांत तरुण माणसें आतां साठीच्या पुढें गेलीं आहेत. आणखी वीस वर्षांनीं कोठें वेस होती आणि कोठें पार होता, हें सांगणारें कोणी उरणार नाहीं.

तेव्हां माझें आपणांस सांगणें थोडें आहे. पंढरपुरास किंवा सोलापुरास जातां येतां या वाटेवर एक दिवस मोडा. कऱ्हेकांठचा वाडा, इंदापूरची गढी आणि पळसदेवचें पाणी, एवढीं तीनच स्थळें मुलांस दाखवा. आणि ज्यांच्या घरीं बुडालेल्या अगर बदललेल्या गांवचें कोणी वृद्ध माणूस असेल, त्यांनीं उद्यां सकाळीं त्याच्यापुढें एक कागद आणि पेन्सिल ठेवावी, आणि गांव काढून दाखवावयास सांगावें. त्याला विद्वान लागत नाहीं, विचारणारा लागतो.

त्या नातवानें वहीचें पान आणून आजीच्या रेघा त्यावर उतरवून घेतल्या. त्याची एक नक्कल मीं मागून घेतली, आणि ती भाच्यास पत्रांतून पाठविली. खालीं लिहिलें, “दिवाळींत मीं तुला चुकीचें उत्तर दिलें होतें.” त्याचें उत्तर आलें आहे. आषाढांत पालखी सणसरास मुक्कामाला येईल तेव्हां तो येणार आहे, आणि दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे बेलवाडीच्या रिंगणापर्यंत पायीं जाणार आहों.